डब्यावर न छापलेलं नाव

वायफायचं यंत्र विकत घेताना डब्यावर वेग छापलेला असतो, अँटेना किती ते असतं, हमीची वर्षं असतात, हसऱ्या कुटुंबाचं चित्र असतं. आत कोणती चिप आहे, एवढंच तेवढं नसतं. आणि ज्याला त्या यंत्राच्या पोटात हात घालायचा आहे, त्याच्या दृष्टीने बाकी सगळी माहिती फुकट आणि तेवढीच एक कामाची.

टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे छोटं यूएसबी यंत्र घ्या. लिनक्सवर वायफायचा अभ्यास करणाऱ्यांत ते एके काळी पाठ्यपुस्तकासारखं प्रसिद्ध होतं. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, रूप तेच, उभी अँटेना तीच. फरक फक्त मागच्या लेबलवरच्या आवृत्तीच्या बारीक आकड्यात. घरी इंटरनेट वापरणाऱ्याला या बदलाचा पत्ताही लागला नाही आणि लागायचं कारणही नव्हतं. पण जो ते यंत्र त्याचा ड्रायव्हर वाचण्यासाठी, बदलण्यासाठी घेत होता, त्याच्या हाती एकदम वेगळीच वस्तू येऊ लागली. मुखपृष्ठ तेच आणि आतला ग्रंथ दुसऱ्याच लेखकाचा, असा प्रकार.

या लेखाचा विषय ही निवड आहे: मुक्त स्रोत ड्रायव्हर लिहायचा, दुरुस्त करायचा, एखादी नवी कल्पना ताडून पाहायची, तर कोणतं बिनतारी यंत्र घ्यावं? प्रश्न खरेदीचा वाटतो. गेली वीस वर्षं मी त्याच्या मागे आहे, आणि माझं मत असं झालं आहे की हा मुळात वाचनाचा प्रश्न आहे. कोणत्या वस्तूचा मजकूर आपल्याला वाचू दिला जातो आणि कोणत्या वस्तूचा नाही, हा. मी अभियंता नाही. पदवी वाणिज्य शाखेची, रेडिओ दुरुस्तीचा नाद शाळेपासूनचा, सी भाषा चाळिशीच्या उंबरठ्यावर जुन्या पुस्तकावरून शिकलेलो. त्यामुळे तज्ज्ञांना प्राथमिक वाटेल ते मी सविस्तर सांगणार आहे.

आधी दोन शब्द. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. संगणकाचा कर्नल एक भाषा बोलतो, चिप दुसरी. ड्रायव्हर मधे बसून भाषांतर करतो. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आतल्या चिमुकल्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम. दुभाषी आपल्या बाजूला बसतो, फर्मवेअर पलीकडच्या बाजूला. दुभाष्याची वही उघडी असली तरी पलीकडचा माणूस आपापसात काय कुजबुजतो ते कळेलच असं नाही. वायफायच्या जगातली बहुतेक भांडणं या एका फरकापाशी येऊन थांबतात.

गोष्टीची सुरुवात एका निळ्या-काळ्या डबीपासून करावी लागते. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. २००३ साली लिंकसिस कंपनी सिस्कोने घेतली आणि त्याच वर्षी काही चौकस मंडळींच्या लक्षात आलं की या डबीत लिनक्स चालतंय. लिनक्सचा परवाना जीपीएल. त्याची अट अशी की त्यातून घडवलेली वस्तू विकायची, तर त्याचा स्रोतही मागणाऱ्याला द्यायचा. दबाव वाढला आणि कंपनीने स्रोत खुला केला. जानेवारी २००४मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. चार मेगाबाइट फ्लॅश आणि सोळा मेगाबाइट रॅम, एवढ्याशा जागेत लोकांनी काय काय मांडलं ते पाहून मी थक्क झालो होतो. आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांचे संसार झाले, त्याच जातीचं हे कसब.

इथे मात्र एक गंमत आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. राउटर खुला झाला. रेडिओ झाला नाही. आतली वायफाय चिप ब्रॉडकॉमची होती आणि तिचा ड्रायव्हर फक्त तयार, वाचता न येणाऱ्या रूपात मिळत होता. तो बांधला होता लिनक्सच्या २.४ या कर्नलसाठी. जग २.६वर गेलं, पण ज्यांना या डबीतून वायफाय हवं होतं त्यांना वर्षानुवर्षं २.४लाच धरून राहावं लागलं. घराच्या सगळ्या किल्ल्या हातात आणि देवघर तेवढं बंद. पुढे २००५च्या अखेरीस पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्सच काढून टाकलं, व्हीएक्सवर्क्स बसवलं, फ्लॅश दोन आणि रॅम आठ मेगाबाइटवर आणली. लिनक्सवाल्यांसाठी जुनं रूप डब्ल्यूआरटी५४जीएल या वेगळ्या नावाने चालू ठेवलं. शेवटचा ‘एल’ हे अक्षर बघून घ्यायचं, ही माझ्या पिढीतल्या हौशी लोकांची पहिली खरेदीविद्या.

ब्रॉडकॉमचं कुलूप कसं उघडलं हे साहित्याच्या वाचकांना विशेष आवडेल, कारण ती भाषांतराचीच कथा आहे. ड्रायव्हर वाचता येत नाही, कागदपत्रं मिळत नाहीत, आणि नक्कल केली तर प्रताधिकाराचा खटला. मग दोन गट केले गेले. पहिल्या गटाने तयार ड्रायव्हरची चिरफाड करून चिप कोणत्या क्षणी काय मागते, कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकला की काय घडतं, याचं साध्या भाषेत वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता, फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. एकाने ग्रंथ वाचायचा आणि लिहायचं नाही. दुसऱ्याने लिहायचं आणि ग्रंथ पाहायचा नाही. असा तयार झालेला बीसीएम४३एक्सएक्स हा ड्रायव्हर २००६मध्ये कर्नलच्या २.६.१७ आवृत्तीत गेला आणि त्याचा वारस बी४३ हा २००८च्या सुरुवातीला २.६.२४मध्ये. तरी फर्मवेअर बंदच. ते वाटायची परवानगी नव्हती, म्हणून वापरणाऱ्याने स्वतः कंपनीचा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा आणि एका छोट्या प्रोग्रामने त्यातून फर्मवेअर कापून काढायचं. त्या प्रोग्रामचं नावच ‘कटर’. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१०मध्ये.

अथेरॉसचं वळण वेगळं. तिथे मॅडवायफाय हा ड्रायव्हर वरून खुला होता, पण चिपला प्रत्यक्ष हात लावणारा थर, ज्याला एचएएल म्हणत, तो बंद. ओपनबीएसडीच्या राइक फ्लोटर यांनी त्या थराचा खुला पर्याय लिहिला. तो चोरीचा आहे का अशी शंका निघाली तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरच्या वकिलांनी तपासून २००७मध्ये निर्वाळा दिला. आणि २००८मध्ये कंपनीनेच एथ९के हा संपूर्ण खुला ड्रायव्हर आणला, पाठोपाठ जुन्या एचएएलचा स्रोतही दिला. एथ९केच्या पीसीआय चिपांची माझ्या लेखी सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्यांना फर्मवेअर लागतच नाही. घाईची कामं चिपच्या पक्क्या जोडणीत, बाकी सगळं ड्रायव्हरमध्ये, आणि ड्रायव्हर आपल्यासमोर. यूएसबीवाल्या एआर९२७१ला फर्मवेअर लागतं, सुमारे पन्नास किलोबाइटचं, पण पुढे त्याचाही स्रोत खुला झाला. लेखाच्या सुरुवातीच्या त्या छोट्या यंत्राची कीर्ती यातून आली.

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. आमच्या तालुक्यात गावातलं वाचनालय आणि पलीकडच्या डोंगरावरची शाळा यांत हवाई अंतर ११ किलोमीटर. मधे दरी, त्यामुळे एकमेकांना स्वच्छ दिसणारी दोन टोकं. दोन्हीकडे जाळीच्या अँटेना लावल्या की सिग्नल पोचतो. पण संवाद होत नाही. कारण वायफायमध्ये पाठवलेल्या प्रत्येक पुडक्याची पोच यावी लागते, आणि ती ठरलेल्या वेळात आली नाही तर पुडकं हरवलं असं समजून पाठवणारा पुन्हा पाठवतो. प्रकाश आणि रेडिओलहरी एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातात. ११ किलोमीटर जायला सुमारे ३७ मायक्रोसेकंद, पोच परत यायला तेवढेच. मिळून ७३च्या आसपास. वायफायचा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घर, कचेरी, विद्यापीठाचं आवार होतं. जुन्या हिशेबात एका ‘स्लॉट’ची, म्हणजे २० मायक्रोसेकंदांची ढील धरली, तरी जाऊन-येऊन ६ किलोमीटर, म्हणजे तीन किलोमीटरचा पल्ला. आमच्या डोंगरावरून पोच निघालेली असायची, वाटेत असायची, आणि इकडचं यंत्र कंटाळून तेच पुडकं पुन्हा पाठवायचं. सात वेळा प्रयत्न करून नाद सोडायचं. पत्र पोचलंय, उत्तर पोस्टात आहे, आणि पाठवणारा रुसून बसलाय.

या आजारावर औषध एका आकड्याचं आहे: वाट किती वेळ पाहायची. एथ९केमध्ये अंतर मीटरमध्ये सांगितलं की ड्रायव्हर तो आकडा चिपच्या कप्प्यात बसवतो. ११००० लिहिलं आणि शाळेचं पान उघडलं. तो कप्पा कुठे आहे, त्यात किती मोठा आकडा मावतो, हे मला स्रोतात बोट ठेवून वाचता आलं. बंद ड्रायव्हरच्या यंत्रात हा आकडा कंपनीने दिला तर दिला; नाहीतर डोंगर तिथे, वाचनालय इथे.

याच गोष्टीचं मोठं रूप तमिळनाडूत घडलं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एरिक ब्रूअर यांच्या ‘टियर’ गटाने थेनी इथल्या अरविंद नेत्र रुग्णालयासाठी आसपासच्या गावांतल्या दृष्टी केंद्रांना लांब पल्ल्याच्या वायफायने जोडलं. गावातला रुग्ण केंद्रात बसतो, रुग्णालयातला डॉक्टर पडद्यावर त्याच्याशी बोलतो. चित्र तुटलं तर तपासणी तुटली. त्यांनी अथेरॉसची कार्डं घेतली आणि मॅडवायफायमध्ये बदल करून दर पुडक्यामागची पोच बंद केली, बोलण्याआधी हवेत कान देण्याची सवय बंद केली, आणि दोन्ही टोकांना पाळीपाळीने बोलण्याची वेळ वाटून दिली. पोच मागाहून, गठ्ठ्याने. हे काम वाइल्डनेट या नावाने २००७मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८२ किलोमीटरवर वायफाय जोडलं, तेव्हा याच गटाच्या सॉफ्टवेअरने दोन्ही दिशांना सुमारे तीन मेगाबिटचा वेग मिळाला. ३८२ किलोमीटर म्हणजे पोच परत यायला अडीच हजार मायक्रोसेकंदांहून जास्त. थेनीतल्या कार्डाच्या जागी दुसऱ्या कंपनीचं, कदाचित जास्त वेगाचं कार्ड असतं, तर कल्पना कागदावरच राहिली असती. मग चिपची निवड ही तांत्रिक तपशिलाची बाब आहे, असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आणखी एक उदाहरण घरातलं. एका राउटरवर दोन फोन, एक जवळ, एक भिंतीआड. १५०० बाइटचं पुडकं ५४ मेगाबिटच्या वेगाने जायला सुमारे २२२ मायक्रोसेकंद लागतात, ६ मेगाबिटने २००० लागतात. वायफाय दोघांना समान पाळ्या देतं. पाळ्या समान, पण हवेतल्या दहा वाट्यांपैकी नऊ वाटे संथ फोन खातो आणि जवळच्यालाही आपल्यासारखं संथ करतो. पंगतीत सावकाश जेवणाऱ्यासाठी सगळी पंगत थांबावी तसं. पाळीऐवजी वेळ समान वाटावा, ही कल्पना टोके हॉयलँड-यॉर्गेन्सन, डेव्ह टॅट आणि सहकाऱ्यांनी एथ९केमध्ये बसवून २०१७मध्ये मांडली. तो बदल आज लिनक्स कर्नलमध्ये आहे. पुडक्यांच्या रांगा ड्रायव्हरच्या ताब्यात होत्या, म्हणून ते जमलं.

यातूनच निवडीचा दुसरा निकष निघतो. चिपा दोन वळणांच्या. एक ‘सॉफ्टमॅक’, जिथे पुडकं बांधणं, रांग लावणं, जोडणी करणं ही कामं संगणकावरचा कर्नल करतो. लिनक्समध्ये त्यासाठी २००७पासून मॅक८०२११ हा सामाईक थर आहे. दुसरी ‘फुलमॅक’, जिथे हे सगळं चिपच्या आतल्या फर्मवेअरमध्ये उरकतं. फुलमॅक म्हणजे खानावळ: ताट समोर येतं, मीठ कमी का म्हणून स्वयंपाकघरात जाता येत नाही. सॉफ्टमॅक म्हणजे शिधा. २०१६च्या रास्पबेरी पाय ३मधली ब्रॉडकॉमची चिप फुलमॅक आहे. यंत्र उत्तम, स्वस्त, पण वायफाय शिकायला घेऊ नये असं माझं मत. डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांनी ‘नेक्समॉन’ रचून तिच्या फर्मवेअरला ठिगळं लावायची सोय केली, आणि ते काम पाहण्यासारखं आहे. पण नवशिक्याने खानावळीची भिंत फोडून सुरुवात करावी का?

कंपन्या हे सगळं झाकतात कशासाठी? स्पर्धा हे एक कारण. दुसरं, आणि खरंच वजनदार, कायद्याचं. किती शक्तीने आणि कोणत्या वारंवारितेवर बोलायचं हे आता सॉफ्टवेअर ठरवतं, आणि हवा सामाईक आहे. विमानतळाजवळचं हवामान रडार ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतं. त्यात कुणाच्या राउटरने गोंगाट करून चालत नाही. मार्च २०१५मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या नियामकाने उत्पादकांना जे विचारलं, त्यात बाहेरचं फर्मवेअर बसू नये म्हणून तुम्ही काय करता, असा प्रश्न डीडी-डब्ल्यूआरटीचं नाव घेऊन होता. डेव्ह टॅट आणि व्हिंट सर्फ यांच्यासह सुमारे २६० जाणकारांनी उलट मार्ग सुचवला: कुलूप लावू नका, स्रोत तपासता येईल असा ठेवा. त्या वर्षअखेरीस प्रश्नाचे शब्द सौम्य झाले. २०१६मध्ये टीपी-लिंकने शक्तीमर्यादेच्या प्रकरणात एफसीसीला दोन लाख डॉलर भरले, आणि त्याच समझोत्यात मुक्त स्रोतवाल्यांना सहकार्य करण्याचं मान्य केलं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८मध्ये. परवानामुक्त म्हणजे मर्यादामुक्त नव्हे. ड्रायव्हर खुला आहे म्हणून शक्तीचा आकडा वाढवणाऱ्यांशी माझं जमत नाही. शेजाऱ्याच्या भिंतीशी कर्णा लावण्याइतकाच तो प्रकार वाईट.

आता प्रत्यक्ष खरेदी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, ‘लिनक्सवर चालेल का’ हा प्रश्न विचारू नये. उत्तर नेहमी ‘चालेल’ असतं. लेबलवर एफसीसीचा क्रमांक असेल तर तो टिपून घ्यावा. त्या क्रमांकावर एफसीसीच्या सार्वजनिक नोंदींत बहुतेक वेळा यंत्र उघडून काढलेले फोटो असतात, आणि चिपवरची अक्षरं वाचता येतात. मी भिंग घेऊन बसतो. यूएसबी यंत्र असेल आणि दुकानदार ओळखीचा असेल तर ते आपल्या लॅपटॉपला लावून त्याचा क्रमांक पाहावा: ०सीएफ३:९२७१ दिसलं की पैसे द्यावेत. घरी आल्यावर ‘आयडब्ल्यू’ या आज्ञेने ते काय काय करू शकतं त्याची यादी येते. हवेतली सगळी पुडकी नुसती ऐकता येणं आणि स्वतः केंद्र होता येणं, या दोन गोष्टी त्यात हव्यातच.

राउटर घ्यायचा तर आतल्या पट्टीवर सिरियल पोर्टच्या टाचण्या किंवा निदान त्यांची भोकं आहेत ना, हे आधी पाहावं. फर्मवेअर अर्धवट बसलं की राउटरचा दगड होतो, आणि मग त्याच्याशी बोलायची ती शेवटची खिडकी. जोडणी ३.३ व्होल्टची लागते. जुन्या संगणकाच्या सिरियल पोर्टला थेट जोडली तर चिप जळते. ज्यांच्याकडे अजून काहीच नाही, त्यांनी काहीच घेऊ नये. लिनक्समध्ये मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम नावाचा भाग आहे. तो चालू केला की संगणकात दोन काल्पनिक रेडिओ उभे राहतात आणि एकमेकांशी बोलू लागतात. खर्च शून्य. मी तालुक्यातल्या मुलांना शिकवतो ते यावरच.

मात्र एथ९केची पिढी आता म्हातारी झाली. ती ८०२.११एन या पिढीची. पुढच्या एसी पिढीत, अथेरॉसला क्वालकॉमने घेतल्यानंतर, एथ१०के आला, त्याला बंद फर्मवेअर लागतं. आज नवीन घ्यायचं तर माझी शिफारस मीडियाटेकच्या एमटी७६ या ड्रायव्हरवर चालणाऱ्या चिपांची. फेलिक्स फिएटकाऊ यांनी रचलेला हा ड्रायव्हर २०१८पासून कर्नलमध्ये आहे, वाचायला स्वच्छ आहे. फर्मवेअर बंद आहे, हे तेवढं समजून घ्यावं. ज्यांना चिपच उघडी हवी त्यांच्यासाठी बेल्जियममधला ओपनवायफाय प्रकल्प आहे. त्यात वायफायची चिप एफपीजीएवर स्वतः रचायची. त्याची पाटी हौशी माणसाच्या खिशाला जड जाते, आणि मला अजून तिला हात लावायला मिळालेला नाही.

२०२४च्या नोव्हेंबरात ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्वन्सीच्या साथीने स्वतःचाच राउटर काढला, ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’. चिप मीडियाटेकची, रॅम एक गिगाबाइट, पेटीसह किंमत ८९ डॉलर. त्यातले दहा डॉलर प्रकल्पाच्या निधीला. त्यात फ्लॅश दोन आहेत. एक २५६ मेगाबाइटची रोजच्या कामाची, दुसरी १६ मेगाबाइटची, संकटासाठी राखलेली. पाठीमागे एक बारीक कळ आहे. मोठ्या फ्लॅशचं काही बिघडलं तर कळ सरकवायची, यंत्र छोट्या फ्लॅशवरून उठतं, आणि मोठी पुन्हा लिहून घेता येते. सिरियल पोर्टसाठी पेटी उघडावी लागत नाही. तो यूएसबी-सीच्या साध्या वायरीवर बाहेरच दिला आहे. वाचनालयाच्या बाजूला हाच लावायचा विचार आहे. डोंगरावरच्या टोकाला मात्र एथ९केचं जुनं कार्डच राहील. अंतराचा तो आकडा एमटी७६ कसा हाताळतो, ते मी सध्या स्रोतात वाचतो आहे.